मनगटाहून दोन पायऱ्या फिकट

आत्याच्या पोटावर डॉक्टरांनी चार छिद्रे पाडून पित्ताशय बाहेर काढले, आणि पुरती शुद्धीवर आल्यावर तिने पहिली तक्रार केली ती दुखण्याची नव्हे, टाक्यांची.

"हे बघ," पट्टीच्या कडेतून डोकावणाऱ्या काळ्या दोऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "पोतं शिवावं तसं शिवलंय. काढलं ते काढलं, निदान भोक तरी नीट बुजवायचं."

मी काही बोललो नाही. मी बहुधा काही बोलत नाही. म्हणूनच ती मला घुम्या म्हणते. माझे खरे नाव तिला आठवते की नाही, याची मला कधीकधी शंका येते.

आमचे रफूचे दुकान आहे. जळलेले, कसरीने खाल्लेले, खिळ्याला अडकून फाटलेले कापड असे विणून द्यायचे, की भोक कुठे होते हे मालकालाही सापडू नये, हे आमचे काम. ते चांगले झाले तर दिसत नाही, आणि दिसले तर चांगले झालेले नसते. माझ्या स्वभावाला यापेक्षा जास्त मानवणारा धंदा जगात नसावा. दुकान इमारतीच्या तळमजल्यावर, एक टेबल आणि दोन खुर्च्या मावतील एवढे. घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मी सात वर्षांचा असताना आईवडील पाठोपाठ गेले, तेव्हा वडिलांच्या या थोरल्या बहिणीने मला त्या घरात आणले. त्यानंतर तिने मला कधी पोरका म्हटले नाही, आणि कधी फारसे जवळही घेतले नाही. तिची माया बोलण्यातून येई, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा टोमण्याच्या वेषात. आमच्या घरात स्पर्शाला विशेष काम नव्हते. आम्ही एकमेकांना सुया देत असू, कात्री देत असू. हात सहसा देत नसू.

रफूत हात चालवणे मला तिने शिकवले होते. धागा निवडणे मात्र तिने स्वतःकडे ठेवले होते. साधारणतः धागा कपड्याच्याच आतल्या शिवणीतून काढता येतो, पण जुन्या कपड्यात तसा धागा उरलेला नसतो; मग आमच्या लाकडी पेटीतल्या, फिकटापासून गडदापर्यंत खणाखणांत लावलेल्या रिळांतून शोधावा लागतो. गडद रंग सोपे असतात. खरी कसोटी पांढऱ्याच्या जवळपासच्या रंगांची: दुधी, मोतिया, हस्तिदंती, सायीचा. तिथे एका केसाएवढा फरक पडला तरी भोकाच्या जागी डाग दिसतो. त्यासाठी आत्याची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. असा कपडा आला की ती दुकानाच्या उंबरठ्यावर, दिवसाच्या उजेडात जाई, डावा हात उलटा करी आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर कपड्याची कड ठेवी. क्षणभर पाही आणि चिठ्ठीवर मला लिहायला सांगे: मनगटाइतका. मनगटाहून एक पायरी फिकट. मनगटाहून दीड पायरी गडद. धागा निवडताना तीच चिठ्ठी पुढे ठेवून, त्याच मनगटावर रिळांचे धागे टाकून ती मोजी. मग कपडा समोर असण्याचीही तिला गरज नसे. "रिळावरचे नंबर कंपनीचे," ती म्हणे, "दर खेपेला रंग बदलतो. माझं मनगट तीस वर्षांत बदललेलं नाही."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडले. टाके काढायला पंधरा दिवसांनी यायचे होते, आणि तोवर जिने चढ-उतर बंद. मी तिची खाट खिडकीशी ओढली, पातळ भात शिजवला, आणि दुकान व घर यांच्यामध्ये दिवसातून आठदा खालीवर करू लागलो. सगळे ठीक चालले होते. पाचव्या दिवशी दुपारी मी वर आलो, तेव्हा ती आपले अंगुस्तान, सुई ढकलताना बोटावर चढवायची ती खवल्याखवल्यांची टोपी, उजव्या तळहातावर जोरजोराने घासत होती.

"खाज सुटलीय," ती म्हणाली. "तळहाताला. तळपायालाही. आणि आता पाठीनंही ठरवलंय की आपण मागे का राहावं."

मी हात पाहिला. पुरळ नव्हते, चट्टा नव्हता. अंगुस्तानाच्या खवल्यांचे बारीक ठसे तेवढे उमटले होते.

आमच्या दुकानाला लागून घड्याळजींचे दुकान आहे. चार वर्षांपूर्वी त्यांचेही पित्ताशय काढले होते, आणि तेव्हापासून या विषयावर आपला अधिकार आहे अशी त्यांची समजूत होती. संध्याकाळी ते भिंग कपाळावर तसेच ठेवून वर आले आणि खुर्ची ओढून बसले.

"पट्टीची खाज, बाई. चिकटपट्टी काही कातड्यांना मानवत नाही. मला तर अशी सुटली होती की मी लंबकासारखा भिंतीला पाठ घासत होतो."

"पट्टी पोटावर आहे. खाज तळव्यांना आहे," आत्या म्हणाली.

"ती फिरते. आत फिरते."

"तुमची अजून फिरतेय. म्हणून तर रोज तीन जिने चढून येता."

घड्याळजी मनापासून हसले. त्यांना तिने टोचून बोललेले आवडे. मला वाटते ते त्यासाठीच येत. "चार दिवसांत जाईल बघा," उठताना ते म्हणाले. "माझी गेली होती."

आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला. ज्याने तोच रस्ता तुडवला आहे त्याच्यावर माणूस ठेवतोच. मी पट्टी बदलून दुसऱ्या जातीची आणली. साबण बदलला. चादरी उकळत्या पाण्यात बुडवून दोनदा पिळल्या. मग आत्याचा संशय लोकरीवर गेला: मी दुकानातून कपड्यांना चिकटून येणारा लोकरीचा कण अन् कण तिच्या अंथरुणात सांडतो, असा आरोप झाला आणि शिक्षाही लगेच सुनावण्यात आली. "कोट, शाली, लोकरीचं काहीही या खोलीत आणायचं नाही. पेटी आण आणि चिठ्ठी आण. तेवढ्यावर मी धागा काढून देईन."

ऊन अंगावर आले की खाज वाढे, म्हणून खिडकीचा मोहरीच्या रंगाचा जाड पडदा दिवसभर ओढलेला असे. त्या पिवळसर अर्धउजेडात, चहाच्या वेळेला, एक नवाच प्रकार सुरू झाला. ती भिंतीकडे तोंड करून बसे आणि मी तिची पाठ खाजवी.

पहिल्या दिवशी मी लाकडी फूटपट्टी घेऊन गेलो होतो. "मोजमाप घ्यायचंय का?" तिने विचारले. मी फूटपट्टी ठेवली आणि हात पुढे केला. इतक्या वर्षांत तिची पाठ मी कधी पाहिली नव्हती असे नाही. रोज माझ्यापुढे, टेबलावर वाकलेली ती पाठच तर मी पाहत वाढलो. पण हाताखाली ती निराळी होती. वाटली होती त्याहून लहान. मणके शिवणीसारखे स्पष्ट. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित वर चढलेला, कारण तीस वर्षे सुईचा हात त्या बाजूने उचलला गेला होता. मला एकाएकी असे वाटले, की आपण दुसऱ्याचे पत्र वाचत आहोत, आणि ते आपल्याविषयीच आहे.

"खाजवतोस की इस्त्री करतोस?"

मी जोर वाढवला.

"डावीकडे. वर. अरे, वर म्हणजे छतावर नव्हे. हां. तिथे. आता तिथून हललास तर बघ."

मी हललो नाही. चहा निवून गेला. ती हळूहळू गप्प झाली, आणि तिच्या गप्प होण्यात असे काही सैलावणे होते, की ही खाज लवकर जाऊ नये असे मला क्षणभर वाटले. त्या एका क्षणाबद्दल मी स्वतःला अजून पुरते माफ केलेले नाही.

सातव्या दिवशी एका व्हायोलिनवादकाच्या दुधी कोटाचा प्रश्न आला. शनिवारी त्यांचा कार्यक्रम होता आणि बाहीवर सिगारेटचे भोक होते. कोट ऑपरेशनच्या आठवडाभर आधी आलेला. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिले होते: मनगटाहून दोन पायऱ्या फिकट. मी पेटी आणि चिठ्ठी वर नेली. आत्याने पडदा हातभर बाजूला केला, चेहरा सावलीतच ठेवून डावा हात तेवढा उजेडात सरकवला आणि पहिल्या खणातले धागे एकेक करून मनगटावर टाकायला सांगितले. मी धाग्यांकडे पाहत होतो. नेहमी तेच पाहतो.

"हा नको. हाही नको, फारच फिकट. हा. हा घे."

खाली येऊन मी उंबरठ्यावर उभा राहिलो आणि धागा कोटावर ठेवला. तो पिवळा होता. फार नव्हे, पण आमच्या धंद्यात फार आणि थोडे असा भेद नसतो. बाहीवर तो चहाच्या शिंतोड्यासारखा दिसला असता.

मी तो तीन वेळा ठेवून पाहिला. ढग जाण्याची वाट पाहिली. तिची चूक होऊ शकते, ही गोष्ट माझ्या मनात कुठे ठेवायची हेच मला कळेना. तिथे त्या गोष्टीसाठी जागाच केलेली नव्हती. मग मी विचार केला: वय झाले आहे. नजर अशीच जाते, आधी फिकट रंगांपासून. आणि ती नजर गेली तर तिच्याजवळ काय उरते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक होते?

मी दुसरा धागा शोधला. आयुष्यात पहिल्यांदा, एकट्याने. तासभर उंबरठ्यावर उभे राहून, धागा थेट कोटावर ठेवत, ठेवत, अखेर एक असा सापडला की ठेवल्यावर नाहीसा झाला. त्याने मी बाही विणली. तिने दिलेला धागा चिठ्ठीभोवती गुंडाळून टेबलाच्या खणात टाकला.

"कसा झाला कोट?" संध्याकाळी तिने विचारले.

"छान."

"दिसतंय?"

"नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही, एवढेच.

त्यानंतरच्या दोन दिवसांत खाज तळव्यांवरून दंडांवर गेली. जेवणावरची तिची वासना उडाली. मी म्हणालो, दवाखान्यात फोन करावा का. पण मी ते इतक्या हळू म्हणालो की तिला नाकारणे सोपे गेले. "गुरुवारी टाके काढायला जायचंच आहे. तेव्हा सांगू. उगाच आधी गेलं की ठेवून घेतात. तो पाठ उघडी ठेवणारा झगा मी परत घालणार नाही. ज्यानं तो शिवला त्याचं कापड संपलं असावं." शिवाय घड्याळजींनी चार दिवसांची मुदत वाढवून आठ केली होती.

दहाव्या दिवशी सकाळी मी एका निवृत्त शिक्षिकेच्या शालीची चिठ्ठी वर नेली, तीही ऑपरेशनआधी लिहिलेली: मनगटाहून एक पायरी फिकट. पुन्हा तोच हातभर पडदा, तोच उजेडात सरकवलेला हात. धागा घेऊन मी खाली आलो, शालीवर ठेवला, आणि तो या वेळी पहिल्यापेक्षाही पिवळा निघाला.

मी खुर्चीवर बसलो. टेबलाच्या खणातून कोटाचा धागा काढला आणि दोन्ही धागे शेजारी शेजारी मांडले. नजर गेली असती तर चूक कधी इकडे झाली असती, कधी तिकडे. ही चूक एकाच दिशेने चालली होती, पिवळ्याकडे, आणि तीन दिवसांत एक पाऊल पुढे आली होती. थकलेली नजर अशी शिस्तीत चुकत नाही. पायऱ्या ती बरोबर मोजत होती. मग ज्या जागेवरून मोजत होती ती जागा.

शाल हातात घेऊन मी तीन जिने चढलो. दुकान उघडेच राहिले.

"लोकर वर आणायची नाही म्हटलं होतं ना?" ती खाटेवर पाय घासत बसली होती.

"आत्या, जरा खिडकीशी सरक."

"तू आपणहून बोलतोयस म्हणजे काहीतरी बिघडलंय."

मी शाल खिडकीत पसरली आणि तिने दिलेला धागा तिच्यावर ठेवला. तिने वाकून पाहिले. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा कुणी काढला?"

"तू. सकाळी."

"मी?"

मी दुसरा धागा खिशातून काढून शेजारी ठेवला. "हा कोटाचा. तीन दिवसांपूर्वीचा."

"कोट छान झाला म्हणाला होतास."

"झालाच. धागा दुसरा घेतला होता."

"कुणी निवडला?"

"मी."

तिने दोन्ही धागे उचलून पुन्हा शालीवर ठेवले. खालून घड्याळजींच्या दुकानातले ठोके ऐकू येत होते; त्यांची घड्याळे कधीच एकाच वेळी वाजत नाहीत. "म्हणजे डोळे गेले माझे," ती म्हणाली. ती हे नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि मला ते ऐकवेना.

"डोळे नाही गेले," मी म्हणालो. "तू पायरी बरोबर मोजलीस. तेव्हा दोन म्हणालीस, दोनच मोजल्यास. आज एक म्हणालीस, एकच. पण जिथून मोजतेस ते मनगटच सरकलंय, आत्या. ते पिवळं झालंय. मी तुझं झाकून ठेवलं नसतं तर तीन दिवसांपूर्वीच कळलं असतं."

एवढे सलग मी त्या घरात कधी बोललो नव्हतो. मी पडदा पूर्ण उघडला, माझ्या शर्टाची बाही वर सारली आणि माझे मनगट तिच्या मनगटाशेजारी ठेवले. आत्यासारखाच माझा रंग आहे. लहानपणी लोक मला तिचा मुलगा समजत. आता ते दोन हात एका घरातले वाटत नव्हते.

तिने मान तिरकी केली, डोळे बारीक केले. कापड पारखतानाचा तोच तिचा जुना पवित्रा.

"पहिल्या खणातलं मनगट दुसऱ्या खणात गेलं की रे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ज्या समाधानाने म्हणाली ते मी कधी विसरणार नाही: "म्हणजे डोळे शाबूत आहेत."

तिने वर पाहिले, तेव्हा उजेड तिच्या चेहऱ्यावर आला होता. डोळ्यांचे पांढरे आता हस्तिदंती झाले होते. इतके दिवस मी पडद्याआड तिची पाठ खाजवत होतो, आणि एकदाही मी तिला उजेडात पाहिले नव्हते. रंग दिवसाउजेडी पाहायचा, एवढा एकच नियम ज्या घरात पाळला जातो, त्या घरात.

दवाखान्यात फोन करणे मला एरवी जमले नसते. मी फोनवर बोलताना आधी वाक्य कागदावर लिहितो. त्या दिवशी लिहिले नाही. वॉर्डातल्या सिस्टरनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"ताप? थंडी वाजते?"

मी आत्याला विचारले. "काल जरा हुडहुडी भरली होती," ती म्हणाली. हे तिने मला सांगितले नव्हते. मी मात्र तिच्याकडे रागाने पाहण्याच्या स्थितीत नव्हतो; झाकून ठेवण्यात आम्ही दोघे एकाच तालमीतले होतो.

"लघवीचा रंग कसा आहे?" सिस्टरनी विचारले.

फोनवर हात ठेवून मी उभा राहिलो. माझे कान तापले. "त्या विचारतायत," मी म्हणालो, "म्हणजे, त्यांना रंग हवाय."

"कशाचा?"

मी जमिनीकडे पाहून सांगितले.

"मग असं सरळ विचार की. तिसऱ्या खणातली, मागून दुसरी रीळ." तिने क्षणभर विचार केला. "चार दिवसांपासून. मला वाटलं गोळ्यांमुळे."

मी पेटी उघडून ती रीळ पाहिली. "कोऱ्या चहासारखा," मी फोनवर म्हणालो. "गडद."

"आजच घेऊन या," सिस्टर म्हणाल्या. "गुरुवारची वाट पाहू नका. आत्ता निघा."

आत्याने उघड्या पाठीच्या झग्याबद्दल आणखी एकदा बोलून घेतले, मग केस विंचरले आणि पायांत चपला सरकवल्या. जिन्यावरून उतरताना एका बाजूने मी होतो, दुसऱ्या बाजूने घड्याळजी. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई, मी पट्टीची म्हणालो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "मला वाटलं माझ्यासारखीच."

"तुमच्यासारखं काही होण्याइतकी मी आजारी नाही," आत्या म्हणाली. "पायरीकडे बघा. पडाल."

काढलेल्या पित्ताशयातून एक खडा आधीच निसटून पित्ताच्या नळीत जाऊन अडकला होता. वाट अडल्यामुळे पित्त रक्तात उतरत होते. पिवळेपणा त्याचा, आणि खाजही त्याचीच. कातडीला काही झालेलेच नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की नळीत जंतूंची लागण सुरू झाली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर ती रक्तात पसरली असती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि दोन व तीन या आकड्यांखेरीज मला काही ऐकू येत नव्हते. तीन दिवस मी धागा खणात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या तोंडावाटे एक बारीक नळी आत घालून त्यांनी तो खडा काढला. नवे भोक पाडावे लागले नाही, याचे आत्याला कौतुक वाटले. "हे खरे कारागीर," ती म्हणाली. घसा बसलेला असल्यामुळे हे टोमणा आहे की प्रशस्ती ते कळले नाही. मग खडा केवढा होता ते तिने विचारले.

"मिरीच्या दाण्याएवढा."

"रंग?"

"तपकिरी."

"तपकिरी म्हणजे काय? असं सांगतात का रंग?"

मी आठवून पाहिले. "तिसरा खण. पुढून तिसरी रीळ. पण चमक नसलेली."

"हां," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. तिचा हात चादरीवर होता. मी माझा त्याच्याजवळ ठेवला, आणि जरा वेळाने त्याच्यावर. तिने डोळे उघडले नाहीत. "तीन दिवस कोट-कोट खेळलास माझ्याशी," ती पुटपुटली.

"चुकलो."

"चुकलासच. माझी चूक माझ्या हातात द्यायची. तुझ्या खणात नाही ठेवायची." मग बऱ्याच वेळाने: "पण बाही दिसली नाही म्हणालास, ना?"

"नाही दिसली."

खाज आठवडाभरात उतरत गेली: आधी पाठीची, मग दंडांची, तळव्यांची सर्वांत शेवटी. चहाच्या वेळेला ती आता खिडकीकडे तोंड करून, पडदा उघडा टाकून बसू लागली. माझ्या हातांना त्या वेळेला काही काम उरले नाही. मी ते खिशात ठेवून उभा राही.

तिला जिने उतरण्याची परवानगी मिळाली त्या दिवशी दुकानात आल्याबरोबर तिने शिक्षिकाबाईंची शाल मागितली. शिक्षिकाबाई ती न्यायला अजून आल्या नव्हत्या. मी निवडलेल्या धाग्याने तिची रफू पुरी झालेली होती. आत्या उंबरठ्यावर गेली. शाल उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. मग डोळे मिटून बोटांची टोके तिच्यावरून फिरवू लागली. घड्याळजी भिंग कपाळावर चढवून दारात येऊन उभे राहिले. 

"इथे," ती शेवटी म्हणाली.

तिचे बोट बरोबर जागेवर होते.

"रंगानं नाही सापडलं," तिने डोळे उघडले. "धागा इथे जरा ताणलायस. घाबरला होतास का?"

"हो."

"दिसतं." तिने शाल घडी करून माझ्या हातात दिली. "म्हणजे डोळ्यांना नाही दिसत. त्यांना देऊन टाक."

त्याच दुपारी एक म्हातारे गृहस्थ मोतिया रंगाचा रेशमी मफलर घेऊन आले. इस्त्रीने जळलेली नखाएवढी जागा होती. ते गेल्यावर आत्याने सवयीने डावा हात उलटा केला, मफलरची कड मनगटाकडे नेली, आणि मध्येच थांबली. कातडीचा पिवळेपणा खाजेइतक्या लवकर जात नाही. तिचे मनगट अजून परतले नव्हते. दुसरा खण ओलांडून पहिल्याच्या दाराशी आले होते, एवढेच. ती आपल्याच हाताकडे, उशिरा येणाऱ्या माणसाकडे पाहावे तशी पाहत राहिली.

"तुझा दे," ती म्हणाली.

"काय?"

"हात, घुम्या. अजून काय असतं माणसाला?"

मी बाही सारून हात पुढे केला. तिने तो धरला, उलटा केला आणि उंबरठ्यापलीकडच्या उजेडात ओढला. मफलरची कड मनगटावर ठेवली. तिची बोटे थंड आणि खरबरीत होती, आणि सुईने कठीण झालेल्या त्यांच्या टोकांखाली मला माझीच नाडी लागत होती. ती रंग पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो, भर दिवसाच्या उजेडात.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"नाही हलत."

"हं. लिही." मी उजव्या हाताने चिठ्ठी ओढली. आजवर आम्ही चिठ्ठ्यांवर कुणाचे मनगट ते कधी लिहिले नव्हते; तशी गरजच पडली नव्हती. तिने क्षणभर विचार केला, आणि मग स्वच्छ, सावकाश सांगितले:

"घुम्याच्या मनगटाहून अर्धी पायरी फिकट."